ल्हा

सगळ्यात आधी झिजला तो ल्हा.
बाकीची बाराखडी बरी होती,
ङ तर कोराच, शाईही न लागलेला,
लग्नात कुणी जेवायला न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.
पण ल्हा लागायचाच.
एकदा मैदानाच्या नावात,
एकदा पैलवानाच्या गावात:
कोल्हापूर, कोल्हापूर.

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या वखारीमागं,
हुसेनचाचा शिकलगारांची ट्रेडल.
दारात दोन पायऱ्या, दुसरी तुटकी.
आत रॉकेल, शाई
आणि शेजारच्या डंकातून येणारा मिरचीचा खकाणा.
पहिल्या दिवशी मी शिंकले.
"शिंक, शिंक," चाचा म्हणाले,
"हितं समदी शिंकूनच शिकल्यात."

मी लॅपटॉप घेऊन आले होते.
जुन्या लाकडी टाइपावरून
मोठ्या मथळ्यांसाठी नवा फाँट करायचा होता.
"फाँट म्हंजे?"
म्हटलं, हीच अक्षरं, पण वजन नसलेली.
चाचांनी कुस्तीतला कु उचलला,
तळहातावर तोलत राहिले बराच वेळ.
"मग चोरीला गेलं तर कळायचं कसं?"

सागवानी अक्षरं, वीतभर उंच.
त्यांच्या वडिलांनी कोरलेली.
दिवसभर गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार,
आणि रात्री त्याच हातानं
लाकडातून बाहेर काढायचा ज्ञ.
शिरोरेघेच्या दोन्ही टोकांना पीळ.
मी मिशी म्हटलं, तर चाचा चिडले.
"मिशी न्हवं. चपलेचा शेंडा हाय त्यो.
पुढनं उचललेला. वाचताना ठेच लागाय नको."
कान्याला खाली रुंद टाच,
आणि पच्या दांड्यात मधोमध एक कोरीव रेघ,
शाई बेतानं लागली तरच दिसणारी.
"ही कशाला?"
"हौस."

ल्हाच्या शेपटीला टवका होता.
एका वर्षी मैदानाच्या आदल्या रात्री लाइट गेली,
अंधारात ल्हा हातातून सुटला, फरशीवर.
अकराशे पोस्टरं टवक्यासकट गावभर लागली.
"कुणी काय म्हटलं?"
"कोण म्हणतंय? लोकं जोड बघतात,
कुणाची कुणाशी लागली ते.
अक्षर कोण बघतंय?"

मी ठसे घेतले, एकेकाचे तीनतीन.
राजारामपुरीतल्या खोलीवर
रात्ररात्र बिंदू ओढत बसले.
ज्ञ चारशे टक्के मोठा केला,
तेव्हा पिळाच्या आतल्या अंगाला सापडली
धारवाल्याची सवय:
वळण एका दमात कापलेलं,
हात न उचलता.
माझा माऊस तिथं सहा वेळा थांबला.

टवक्याचं काय करायचं?
चौगुले सर म्हणाले, भरून टाक, एरर वाटेल.
भरला. सेव्ह केलं. झोपले.
पहाटे उठून पुन्हा फोडला.

फाँट मी कुणालाच दिला नव्हता,
एका मित्राला सोडून.

मार्गशीर्षात चाचांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते.
गंगावेशीत रिक्षा अडली,
आणि वर, तीन मजली फ्लेक्सवर,
गॉगल लावलेल्या बत्तीस चेहऱ्यांच्या डोक्यावर
आमची अक्षरं.
*कोल्हापूरचा धुरंधर, दादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.*
सोनेरी, लाल सावलीसकट, म्हशीएवढी.
आणि ल्हाच्या शेपटीला टवका,
आता चांगला हातभर.

मला रडू येईल की शिवी, कळेना.
चाचांनी मान बाहेर काढली.
एक डोळा पडद्यानं पांढरा, दुसऱ्यानं बघत राहिले.
मागून हॉर्न सुरू झाले.

"पू आन् र," ते म्हणाले,
"मधली फट बघ.
म्हस जाईल त्यातनं."

रात्री मी ती फट मोजली.
म्हैस गेली नसती.
रेडकू गेलं असतं, आरामात.